लक्ष्मी विलास राजवाडा आणि कमाटीबाग : बडोद्यातला एक दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुट्ट्या जवळ आल्या की मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून फोन यायला लागतात. “बडोद्याला येतोय, राजवाडा बघायचाय, किती वेळ ठेवू?” प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. नुसता राजवाडा बघून परत जाऊ नका. राजवाडा आणि कमाटीबाग एकाच काळात उभी राहिली, एक राजाला राहायला आणि दुसरी रयतेला फिरायला. दोन्ही एकाच दिवशी बघितली की महाराजा सयाजीराव गायकवाडांचं बडोदं काय होतं ते खरं कळतं.

एका दिवसात दोन्ही बघून होतं का?

होतं, घाई न करता होतं. सकाळी राजवाडा उघडता उघडता तिथे पोहोचा आणि एक वाजेपर्यंतचा वेळ त्यालाच द्या. मग गावात जेवण. तीनच्या सुमारास कमाटीबागेतलं संग्रहालय बघा आणि ऊन उतरलं की बागेत फिरा. हा क्रम मुद्दाम सांगतोय. कमाटीबाग रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे रात्रीची गाडी असेल तर बागेतून थेट स्टेशनवर जाता येतं. उलट क्रमाने गेलात तर भर दुपारी राजवाड्याच्या आवारात चालावं लागेल आणि संध्याकाळी गाडीसाठी धावपळ होईल.

मुंबई-पुण्याहून यायचं कसं? स्टेशनवरून राजवाडा लांब आहे का?

बडोदं मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर आहे, मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर. शताब्दी, वंदे भारत यांच्यासह या मार्गावरच्या बहुतेक सगळ्या गाड्या इथे थांबतात. पुण्याहूनही थेट गाड्या आहेत. नाशिककर सापुताऱ्याच्या घाटातून गाडी घेऊन येतात, पावसाळ्यानंतर तो रस्ता फार सुंदर असतो.

स्टेशनवरून राजवाडा तीन-चार किलोमीटरवर. रिक्षावाल्याला “लक्ष्मी विलास पॅलेस, मोतीबाग” एवढं सांगितलं की पुरतं. आवार प्रचंड आहे आणि त्याला एकाहून अधिक फाटकं आहेत, म्हणून प्रेक्षकांच्या तिकीटखिडकीच्या फाटकाशीच उतरवायला सांगा. नाहीतर आवाराच्या भिंतीकडेने बरंच चालावं लागतं.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, लहान मुलं आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तेव्हा येऊच नका. श्रावण-भाद्रपदात बागा हिरव्यागार असतात, पण जोराचा पाऊस लागला की विश्वामित्री नदी फुगते आणि शहराच्या सखल भागांत पाणी शिरतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला होता. पावसाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघून घ्या.

राजवाडा कोणत्या वारी बंद असतो? तिकीट किती?

सोमवारी बंद. तिकीट माणशी काही शे रुपये आहे, दर अधूनमधून बदलतात. आवारात कधी मोठं लग्न, कधी संगीताचा कार्यक्रम असतो आणि अशा दिवशी काही भाग बंद ठेवतात. त्यामुळे निघण्यापूर्वी एक फोन करून खात्री करून घेतलेली बरी. तिकिटाबरोबर ध्वनी-मार्गदर्शक यंत्र मिळतं, ते जरूर घ्या. कानाला लावून सावकाश चाललात तर दीड-दोन तास कसे जातात कळत नाही.

संपूर्ण राजवाडा आतून बघायला मिळतो का?

नाही. गायकवाड घराणं आजही तिथेच राहतं. लोकांसाठी खुला असलेला भाग मर्यादित आहे: काही दालनं, गादी हॉल, शस्त्रागार, चौक आणि दरबार हॉल. “एवढे पैसे देऊन एवढंच दाखवलं” अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. मला ती पटत नाही. भारतातले किती राजवाडे हॉटेलं झाले, किती सरकारी कचेऱ्या झाले ते आठवून बघा. बडोद्यातच मकरपुऱ्याचा राजवाडा हवाई दलाकडे आहे, प्रताप विलास राजवाड्यात रेल्वे अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था आली आणि जुना नजरबाग राजवाडा तर पाडलाच गेला. लक्ष्मी विलासात मात्र अजून वस्ती आहे. राहत्या घरातली चार दालनं आपल्यासाठी उघडी ठेवली आहेत, हे लक्षात ठेवून आत गेलं की बघायचा सूर बदलतो.

हा राजवाडा कोणी आणि कधी बांधला?

नाव सयाजीरावांचं घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण काम सुरू झालं तेव्हा महाराज पोरसवदा होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचा गोपाळ काशीराव गायकवाड हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म ११ मार्च १८६३ चा. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी १८७५ मध्ये त्याला दत्तक घेतलं आणि बारा वर्षांचा गोपाळ तिसरा सयाजीराव झाला. तो सज्ञान होईपर्यंत कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. हे माधवराव तंजावरकडचे मराठी. नव्या राजवाड्याचं काम आणि कमाटीबाग ही दोन्ही याच काळातली. १८८१ च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले, आणि राजवाडा पुरा व्हायला १८९० उजाडलं.

वास्तुरचनाकार होते मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरकरांना हे नाव परकं वाटू नये, कारण तिथला न्यू पॅलेसही त्यांच्याच आराखड्याचा. कोल्हापूरचा राजवाडा बघून आलेल्याने लक्ष्मी विलाससमोर उभं राहावं, ओळखीचा हात लगेच जाणवतो. मँट यांचा १८८१ मध्ये मृत्यू झाला, इमारत तेव्हा अर्धवट होती. आपली गणितं चुकली आहेत आणि इमारती कोसळतील या धास्तीने त्यांनी जीव दिला अशी कथा सांगितली जाते. पुढचं काम मद्रासकडे नावाजलेले रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं. इमारत आज सव्वाशेहून अधिक वर्षं ठाम उभी आहे.

बाहेरून बघताना एक करा. समोरच्या हिरवळीच्या कडेला थांबून इमारत डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. कुठे राजपूत छत्र्या, कुठे गुजराती मंदिरासारखं कोरीवकाम, कुठे मशिदीसारखे घुमट आणि मध्येच युरोपातल्या चर्चसारखा उंच मनोरा. मर्दाना, दरबारी भाग आणि जनाना असे तीन भाग एकाला एक जोडलेले असून प्रत्येकाचा थाट निराळा आहे. या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. दगडही ठिकठिकाणचा आहे: आग्र्याचा तांबडा, पुण्याकडचा निळसर काळा, राजस्थानचा आणि इटलीचा संगमरवर. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट इतक्या लांब येऊन आग्र्याच्या दगडाशेजारी बसलेला बघताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

“बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट” ही गोष्ट खरी का?

हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं आणि रिक्षावालाही ते ऐकवतो. आकाराच्या तुलनेत अडकू नका, एवढंच सांगेन. राजवाड्याचं आवार शेकडो एकरांचं आहे आणि शहराच्या मधोमध आहे, हे डोळ्यांनी दिसतंच. लंडनशी तुलना करून त्याचं मोठेपण वाढत नाही.

आतलं काय मुळीच चुकवू नये?

दरबार हॉल. बाकीचं थोडं भरभर झालं तरी चालेल, पण इथे थांबा.

दारातून आत शिरलात की आधी वर झुंबरांकडे बघायचा मोह होतो. तो आवरा आणि पायाखाली बघा. जमीन व्हेनिसच्या धर्तीच्या मोझेकची आहे. तिच्यासाठी व्हेनिसजवळच्या मुरानोचे बारा कारागीर बडोद्याला आले आणि दीड वर्ष इथे राहून काम करत होते, असं राजवाड्यात सांगतात. थोडं वाकून निरखलंत तर दगडाचे नखाएवढे तुकडे दिसतील. एका वेलीच्या वळणात हिरव्याच्या तीन-चार छटा आहेत, एक तुकडा संपतो तिथे दुसरा असा भिडलाय की बोट फिरवलं तरी सांधा हाताला लागू नये. (बोट फिरवू नका, तिथे दोर लावलेला असतो आणि तो असलाच पाहिजे.) नंतर खिडक्यांकडे वळा. काचा बेल्जियमच्या, पण त्यांवर चित्रं आपल्या देवादिकांची. सकाळचं ऊन त्या काचांतून आत येतं तेव्हा जमिनीवर रंगांचे पट्टे पडतात. म्हणून मी सकाळची वेळ सुचवतो, दुपारी उजेड पांढरा आणि सपाट होतो.

वरच्या बाजूला कोरीव लाकडी सज्जे आहेत. राणीवशातल्या स्त्रिया जाळीआडून दरबार आणि गाणं बघत-ऐकत. याच बडोद्याच्या दरबारात पुढे उस्ताद फैयाज खाँ गायले. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये इथेच गायनशाळा सुरू केली आणि शास्त्रीय संगीत शाळेत शिकवायची सोय झाली. आजचा विद्यापीठातला संगीत विभाग त्याच शाळेचा वारसा आहे. संगीताची आवड असणाऱ्याने हॉलमध्ये पाच मिनिटं गप्प उभं राहावं.

हॉलला लागून कारंज्यांचा चौक आहे, इटलीतल्या वाड्यांसारखा. राजवाड्यात ब्राँझचे, संगमरवराचे आणि भाजक्या मातीचे पुतळे दिसतील, ते इटालियन शिल्पकार ऑगुस्तो फेलिची यांचे. फेलिची बडोद्यात राहून काम करत होते. त्यांचे पुतळे युरोपीय पद्धतीचे, पण विषय पुष्कळदा इथल्या माणसांचे. चेहरे नीट बघा.

गादी हॉलमध्ये काय आहे?

गायकवाडांची गादी, जिथे राज्याभिषेक होई. मराठी राजाचं आसन म्हणजे उंच सिंहासनच असायला हवं असं नाही, साध्या बैठकीची गादीही तितकीच मानाची. ती बघून मुलांना घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगा. पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळच्या दावडी गावचे हे गायकवाड. पिलाजीरावांनी गुजरातेत पाय रोवले, १७३२ मध्ये डाकोरला त्यांची हत्या झाली आणि त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदं परत घेतलं. तेव्हापासून १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत बडोदं गायकवाडांकडेच होतं.

फोटो काढता येतात का?

बाहेरून हवे तितके, आत नाही. नियम पाळा. सेल्फीची घाई नसली की दरबार हॉल दुप्पट दिसतो.

राजा रविवर्म्याची चित्रं राजवाड्यात दिसतात का?

काही राजवाड्यात आहेत, पण मुख्य संग्रह आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. वेगळं तिकीट लागतं. उघडं आहे का तेही आधी विचारून घ्या. ही इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती.

रविवर्मा बडोद्याला आला तो १८८१ च्या अधिकारग्रहण सोहळ्याच्या निमित्ताने. दिवाण माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते, तिथून त्यांना त्याची चांगली ओळख. पुढे सयाजीरावांनी त्याच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करवून घेतली, ती साधारण १८९० ला पूर्ण झाली. ‘विश्वामित्र-मेनका’, ‘अर्जुन-सुभद्रा’, ‘कीचक-सैरंध्री’ ही त्यांतली. आपल्या आज्ज्यांच्या देवघरात आणि जुन्या कॅलेंडरांवर जे देव-देवतांचे चेहरे होते, ते मुळात याच हाताचे, कारण रविवर्म्याने नंतर छापखाना काढून चित्रं घरोघरी पोहोचवली. छापील चित्रं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्याने मूळ कॅनव्हास जवळून बघावा. सैरंध्रीच्या चेहऱ्यावरची भीती छापील प्रतीत पुसट होते. इथे ती लपत नाही.

राजवाड्याच्या बागेत मोकळं फिरता येतं का?

सगळीकडे नाही. दर्शनी हिरवळ, कारंजी आणि ठरवून दिलेले रस्ते, एवढंच. बागांची आखणी केली विल्यम गोल्डरिंग यांनी, लंडनच्या क्यू उद्यानातून आलेले तज्ज्ञ. नंतर १८९३ पासून क्यूमध्येच शिकलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल बडोद्याच्या बागा सांभाळत होते. १९०८ मध्ये ते बंगळूरला गेले आणि तिथल्या लालबागेमुळे पुढे प्रसिद्ध झाले. बडोद्यातलं त्यांचं काम मात्र फारसं कोणी आठवत नाही.

आवारात गोल्फचं मैदान आहे, मोर आहेत, जुनी वडा-निंबाची झाडं आहेत. आणि नवलखी वाव आहे, १४०५ सालची, म्हणजे गायकवाडांच्या बडोद्यात येण्याच्या तीनशे वर्षांहून आधीची पायऱ्यांची विहीर. ती सहसा प्रेक्षकांना खुली नसते, पण कळून घ्या की या सगळ्या हिरवाईच्या आधी इथे पाण्याची अशी सोय होती.

क्रिकेटचं काही बघण्यासारखं आहे का?

मोतीबाग मैदान राजवाड्याच्या आवारातच आहे. दत्ताजीराव गायकवाड आणि अंशुमान गायकवाड हे बाप-लेक बडोद्याचे आणि दोघेही भारताकडून खेळले, दत्ताजीराव १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार होते. विजय हजारेही बडोद्याकडूनच खेळले. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली होती. हे आजोबांना सांगून बघा, ते पुढचं सगळं तुम्हाला सांगतील.

जेवायचं कुठे आणि काय?

दांडिया बाजार, रावपुरा भागात जा. बडोद्याची सेव-उसळ खाल्ल्याशिवाय निघू नका. पांढऱ्या वाटाण्याची तिखट उसळ, वर सेव, चिरलेला कांदा आणि पाव. झणझणीतपणा पाहिजे तर “तरी” मागा. मिसळीचं हे नातलग आहे हे पहिल्या घासाला कळतं. पोटात आगीची भीती असेल तर साधी गुजराती थाळी घ्या. परत जाताना लीलो चेवडो, भाकरवडी आणि दुलीरामचे पेढे. लीलो चेवडो पुण्याच्या चिवड्यासारखा कोरडा नसतो, आंबटगोड आणि मऊसर असतो. पहिल्यांदा बुचकळ्यात पडाल, दुसऱ्यांदा मागून खाल.

बडोद्यात मराठी चालतं का?

चालतं. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, जुन्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललं जातं. आमच्या मराठीत गुजराती शब्द येतात, गुजरातीत मराठी, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाबाजीपुरा, सयाजीगंज, प्रतापगंज, खंडेराव मार्केट ही नावं वाचत गेलात तर निम्मा गायकवाड वंशवृक्ष रस्त्यातच भेटतो. २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं. राजवाड्यातल्या कर्मचाऱ्यांशी मराठीत बोलून बघा, पुष्कळदा उत्तर मराठीतच येतं.

कमाटीबागेत एवढं काय आहे? बाग तर सगळ्याच गावांत असते.

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मी त्याचं उत्तर सगळ्यात मनापासून देतो.

विश्वामित्रीच्या काठी, सुमारे शंभर एकरांवर, १८७९ मध्ये ही बाग उभी राहिली. सरकारी नाव सयाजीबाग, पण गावात कमाटीबागच म्हणतात. राजवाड्याची बाग राजघराण्यासाठी, ही पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी. झाडं, प्राणिसंग्रहालय, बँडस्टँड, फुलांचं घड्याळ, पुढे तारांगण, मुलांसाठी छोटी रेल्वे. बाहेरच्या चौकात काळा घोडा आहे, म्हणजे सयाजीरावांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा, फ्रान्सिस डर्वेंट वुड यांनी केलेला. बडोद्यात “काळ्या घोड्यापाशी भेट” म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही.

संध्याकाळी पाचनंतर इथे बसून बघा. पेन्शनर बाकांवर गप्पा मारतात, विद्यापीठातली पोरं-पोरी अभ्यासाच्या नावाखाली येतात, मुलं प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे ओढ घेतात. मजूर काम संपवून डबा घेऊन येतो आणि कोणी त्याला हटकत नाही. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात. ग्रंथालयं गावोगाव काढली. आणि सगळ्यांना मोकळी असलेली ही बाग त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत जपली, वाढवली. राजवाड्यातला थाट बघून इथे आलं की हा माणूस एवढा मोठा का झाला ते समजतं.

संकल्पभूमी म्हणतात ती हीच का?

हो, कमाटीबागेतच आहे आणि तिथे जायलाच हवं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करारानुसार शिक्षणानंतर संस्थानात नोकरी करायची होती. म्हणून १९१७ मध्ये ते बडोद्यात आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला गावात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी सराईत त्यांनी आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी याच बागेत झाडाखाली बसून काढला. २३ सप्टेंबर १९१७ हा तो दिवस मानला जातो. आपल्या माणसांना या अपमानातून सोडवायचं, हा संकल्प त्यांनी इथे केला, म्हणून ही संकल्पभूमी. दरवर्षी २३ सप्टेंबरला हजारो लोक इथे येतात.

बाग सगळ्यांसाठी खुली होती, शहर नव्हतं. एका बाजूला शिष्यवृत्ती देणारा राजा, दुसऱ्या बाजूला जात विचारून दार लावणारा गाव. बडोदेकर म्हणून हे दोन्ही सांगणं मला आवश्यक वाटतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना झाडाजवळ नेऊन हे सांगा, ती नीट ऐकतात.

संग्रहालयात काय बघायचं?

बागेतलं बडोदा म्युझियम आणि चित्रदालन. म्युझियमची इमारत १८९४ ची. इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा मुलांना खेचून नेतात. तो देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. मोठ्यांनी अकोट्याच्या ब्राँझमूर्ती शोधाव्यात. अकोटा हा बडोद्याचाच भाग. तिथल्या जैन मूर्ती पाचव्या ते बाराव्या शतकातल्या आहेत आणि पश्चिम भारतातल्या धातुकामाचं ते अव्वल उदाहरण आहे. चित्रदालन १९१४ मध्ये बांधून तयार झालं, पण युरोपात घेतलेली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडातच अडकली, म्हणून ते उघडलं १९२१ मध्ये. दीड तास तरी द्या. सुट्टीचे दिवस विचारून घ्या.

विश्वामित्रीत खरंच मगरी आहेत का?

खरंच आहेत, शहराच्या मधोमध. बागेतल्या पुलावरून कधीकधी काठावर ऊन खात पडलेली दिसते. मुलांना कठड्यापासून लांब ठेवा आणि नदीच्या काठाला उतरू नका. खाणं वगैरे अजिबात टाकू नका.

आई-वडिलांना चालणं झेपेल का?

राजवाड्यात बरंच चालावं लागतं आणि मध्ये बसायला जागा थोड्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर दरबार हॉल आणि चौक हेच उद्दिष्ट ठेवा. पाण्याची बाटली, टोपी, पायात सवयीच्या चपला. कमाटीबागेत मात्र बाक मुबलक आहेत, त्यांना तिथे निवांत बसवून तुम्ही संग्रहालय बघून या.

गणपतीत किंवा नवरात्रात आलं तर?

गर्दीची तयारी ठेवा, पण जरूर या. राजवाड्यात गणपती बसतो आणि लोक दर्शनाला जातात. नवरात्रात बडोद्याचा गरबा बघायला जगभरातून माणसं येतात. या दिवसांत हॉटेलं दोन महिने आधी भरतात आणि राजवाड्याच्या वेळाही बदलू शकतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर?

जुन्या शहरात फिरा. तांबेकरांचा वाडा आधी बघा. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी दिवाणाचं ते घर, भिंतीभर चित्रं आहेत आणि ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. मग कीर्ती मंदिर, जिथे नंदलाल बोस यांनी भित्तिचित्रं काढली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची फरशी काचेची आहे, खालचा उजेड वर यावा म्हणून. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर १८९६ चा, सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीच्या आठवणीत बांधलेला. योगी अरविंद १८९३ ते १९०६ इथे नोकरीत होते, दांडिया बाजारातलं त्यांचं निवासस्थान आता आश्रम आहे.

आणि गाडी घेऊन आला असाल तर हे सगळं पुढच्या वेळेसाठी ठेवून सकाळी लवकर चांपानेर-पावागडला निघा. पन्नासेक किलोमीटर आहे, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दुपारपर्यंत जामा मशीद बघून होते आणि रोपवेने कालिकामातेचं दर्शनही. रविवार टाळा, रोपवेला रांग मोठी असते.